सोनाजीच्या बेंबीवरचा तांब्या

साखऱ्याच्या भजनी मंडळात सूर वर चढायला लागला की गाणारे सगळे डावा हात बेंबीवर ठेवतात. आजूबाजूच्या कुठल्याही गावात ही रीत नाही. बाहेरच्या कुणी विचारलंच तर मंडळातला सगळ्यात तरणा गडी माऊली डोळे मिटून सांगतो, "आमच्या गावची लई जुनी परंपरा हाय." परंपरा दोन वर्षांची होती आणि तिचा उगम सोनाजीच्या पोटात झाला होता.

सोनाजी मंडळाचा मुख्य गायक. शेती कोरडवाहू, आवाज मात्र बागायती. दोन वर्षांपूर्वी एक चाल वर नेता नेता त्याच्या बेंबीपाशी लिंबाएवढा गोळा बाहेर आला. दाबला की आत जायचा, सूर चढवला की पुन्हा यायचा. मग सोनाजी सूर चढवायच्या आधीच तिथं हात दाबून बसू लागला. बाकीच्यांना वाटलं, गड्याच्या आवाजाची किल्ली इथंच असली पाहिजे. आधी माऊलीनं हात ठेवला, मग पेटीवाल्यानं, मग सगळ्यांनी. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर आणि एक बेंबीवर, त्यामुळं वरच्या सुरांना पेटी बंदच असायची. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

खरी गोष्ट माहीत होती ती एकट्या मनकर्णेला, सोनाजीच्या बायकोला. तीच त्याला ओढत हिंगोलीला हुमेरा मॅडमच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. मॅडम वयानं लहान, बोलायला मऊ, पण पोट दाबायला लागल्या की माणूस खरं बोलायचा.

"हर्निया आहे," मॅडम म्हणाल्या होत्या. "पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यातून आतडं डोकावतं. भोक बंद करायचं आणि तिथं जाळी बसवायची, म्हणजे पुन्हा फुटायला नको."

"जाळी?" सोनाजी उठून बसला. "मी काय खिडकी हाय काय?"

मॅडमनी ड्रॉवरमधून एक पांढरा तुकडा काढून दाखवला. मनकर्णेला तो पाहुण्यांच्या ताटावर माशा बसू नयेत म्हणून झाकतात त्या जाळीसारखा वाटला आणि तिचा त्याच्यावर लगेच विश्वास बसला. सोनाजीचा बसला नाही.

"मॅडम, मी बेंबीच्या देठापासून गाणारा माणूस. देठालाच जाळी मारली तर आवाज गाळून येईल का न्हाई?"

"आवाज गळ्यातून येतो."

"गळ्यातून बोलणं येतं, मॅडम. गाणं खालून येतं."

मॅडमनी त्याचा नाद सोडला आणि मनकर्णेकडं तोंड केलं. "ताई, तुम्ही ऐका. ज्या दिवशी हा गोळा दाबूनही आत जाणार नाही, कडक होईल, उलटी होईल, त्या दिवशी घरी थांबू नका. अडकलेल्या आतड्याचं रक्त बंद होतं. आधी आतडं मरतं, मग माणूस."

मनकर्णेनं ते बोलणं पदराच्या गाठीला बांधून घरी आणलं होतं. गाठ सोडायची वेळ आली सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात.

बुवांनी खूण केली, सोनाजीनं चाल उचलली. बायकांच्या रांगेत बसलेली मनकर्णा चाल ऐकतच नव्हती, दोन वर्षांपासून ती फक्त त्याचा डावा हात बघायची. हात बेंबीवर गेला. दाबला. आणखी दाबला. सोनाजीनं टाळ खाली ठेवले आणि उजवा हातही तिथं नेला. मंडळानं मोठ्या इमानदारीनं आपापले उजवे हात बेंबीवर नेले. सगळं भजन एकदम थांबलं, बुवा मागं वळून बघू लागले, आणि त्या शांततेत सोनाजी वाकला तो सरळ झालाच नाही.

घरी आणून त्याला बाजेवर निजवलं. मनकर्णेनं सदरा वर केला. गोळा लिंबाएवढा राहिला नव्हता, मोसंबीएवढा झाला होता. तिनं बोट लावलं. दगड.

"हिंगोलीला चला," ती म्हणाली.

"गॅस हाय," सोनाजी दात आवळून म्हणाला. "हिंगोलीला न्हाई. ती बाई जाळी बसवती."

तोवर घर माणसांनी भरलं होतं आणि निदान झालंही होतं. नाभी सरकली. काल्याच्या आधी रिकाम्या पोटी सूर लावला, दुसरं काय होणार? नाभी जागेवर बसवायची म्हणजे अनुसयाबाई. साखऱ्यात कुणाचं पोट दुखलं की आधी अनुसयाबाईचा तांब्या येतो, मग ती स्वतः येते, आणि बहुतेक वेळा माणूस खरंच उठून बसतो. कुणीतरी पळालंच होतं बोलवायला.

मनकर्णा 'न्हाई' म्हणाली असती. तोंडाशी आलंही होतं. पण बाजेवरून सोनाजीनं तिच्याकडं असं बघितलं, जसं पोरगं इंजेक्शनच्या आधी आईकडं बघतं, आणि ती म्हणाली, "बरं. आधी बघू मावशीचं."

अनुसयाबाई आली. वयाच्या मानानं ताठ, हातात पितळी तांब्या. सासूनं दिलेला, त्याच्या काठाला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. तिनं सोनाजीला उताणं सरळ केलं, गोळ्यावर कणकेची चकती ठेवली, चकतीत तेलाची वात उभी करून पेटवली. "हलू नको रं." मग तांब्या उपडा घातला. आतली वात विझली, आतली हवा आवळली आणि तांब्यानं पोट धरलं. असंच होतं नेहमी. थोडा वेळ पोट ओढलं जातं, मग तांब्या आपणहून सुटतो, माणूस ढेकर देतो, अनुसयाबाई चहा पिते.

या वेळी तांब्यानं गोळाच आत ओढून घेतला. भोवतीचं पोट फुगून काठाला घट्ट बसलं.

"पकडलं!" अनुसयाबाई म्हणाली. "कशी घट्ट पकडली बघा नाभी!"

सगळ्यांनी माना हलवल्या. चहा झाला, कप विसळून झाले. तांब्या सुटला नाही. मग सोनाजी कडेला वळला आणि ओकला. हिरवं पाणी.

मनकर्णेच्या डोक्यात मॅडमचं बोलणं शब्दन् शब्द वाजलं. आत जाईना, कडक, उलटी. काही शिल्लक राहिलं नव्हतं.

"काढा तो तांब्या," ती म्हणाली.

"ओढून काढायचा नसतो," अनुसयाबाई म्हणाली. "आपणहून सुटला पायजे. ओढला तर नाभी तुटती."

मनकर्णेनं ऐकलं नाही. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. तांब्याबरोबर पोट वर आलं, पोटाबरोबर सोनाजी वर आला आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते ओसरीपलीकडं रस्त्यापर्यंत गेलं. बाहेर उभ्या माऊलीनं डोळे मिटले. "पट्टी काळी पाच," तो पेटीवाल्याला हळूच म्हणाला.

मनकर्णेनं हात सोडले. ती दारात आली आणि तिनं समोरच्या घराकडं बघून हाक मारली, "इस्माईलभाऊ! गाडी काढा!"

इस्माईल बकऱ्यांचा व्यापारी, त्याची पिकअप बाजाराच्या तयारीत दारातच उभी होती. त्यानं एक नजर घरात टाकली, सोनाजीच्या पोटावर उभा पितळी तांब्या बघितला आणि काही न विचारता फाळका खाली पाडला. "उतरा गं, उतरा." बकऱ्या उतरल्या. एक काळी उतरेना. मागच्या कोपऱ्यात चारही पाय रोवून ती उभी राहिली. "राहू द्या तिला," इस्माईल म्हणाला. "ती अशीच हाय. वेळ न्हाई आपल्याकडं."

गादी टाकली, सोनाजीला ठेवला. मनकर्णा त्याच्या उशाला बसली. गाडी सुरू झाली तशी अनुसयाबाई पदर खोचून मागं चढली.

"तुमी काहून येऊन राहिल्या?" मनकर्णेनं विचारलं.

"तांब्या माझा हाय," अनुसयाबाई म्हणाली. "तो जिथं जाईल तिथं मी."

सेनगावपर्यंत मनकर्णा अनुसयाबाईकडं पाठ करून बसली. रस्त्यात गतिरोधक आले की इस्माईल खिडकीतून ओरडायचा, "वहिनी, आला!" आणि मनकर्णा व अनुसयाबाई, एकमेकींकडं न बघता, दोन्ही बाजूंनी तांब्या धरायच्या. त्या एवढ्या एका कामात त्यांचं जमत होतं. गाडी उडायची, तांब्या डुलायचा, सोनाजी डोळे गच्च मिटायचा. बकरी मान पुढं करून तांब्याला लागलेलं तेल चाटायची. तिला हाकलायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

"मनकर्णे," सोनाजी म्हणाला. त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती लग्नापासून. 'ऐकलं का' एवढंच म्हणायचा. ती दचकली.

"काय?"

"जाळी नको."

"गप बसा तुमी."

"आवाज गेला तर मी मंडळात काय करू? टाळ वाजवू?"

"जिते असाल तर टाळ वाजवाल ना," ती म्हणाली. तो पुन्हा ओकला. या वेळी निघालं थोडंच, पण वास वेगळा होता. मनकर्णेनं त्याचं तोंड पुसलं आणि पुढच्या काचेवर हात आपटला. "भाऊ, दाबा गाडी!"

नरसीत गाडी अडकली. देवळाकडं जाणाऱ्या लोकांची गर्दी होती, रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्रसादाची, खेळण्यांची दुकानं पुढं सरकलेली, मधे एक ट्रॅक्टर आडवा. इस्माईलनं हॉर्न वाजवला. हॉर्न सगळेच वाजवत होते. पिकअप मुंगीसारखी सरकत सरकत थांबलीच.

आणि मग एका बाईनं गाडीत बघितलं. उताणा झोपलेला माणूस, पोटावर पितळी तांब्या सरळ उभा, माणूस श्वास घेतो तसा तांब्या वरखाली. कुणी धरलेला नाही, बांधलेला नाही. बाईनं हात जोडले.

"कुठला नवस म्हणायचा हा?" तिनं विचारलं.

मनकर्णा काही बोलायच्या आत आणखी चार माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं तांब्याच्या बुडावर झेंडूचं फूल ठेवलं. फूल राहिलं. त्याबरोबर गर्दीतून एक हुंकार उठला आणि माणसं गाडीला येऊन भिडली. कुणी पाया पडायला सोनाजीचे पाय शोधू लागलं. कुणी बकरीच्याही पाया पडलं.

"हटो भाई, सीरियस पेशंट हाय!" इस्माईल ओरडला. कुणी हटलं नाही. पेशंट रोजच जातात या रस्त्यानं, पोटावर उभा राहणारा तांब्या रोज जात नाही.

सोनाजीचे ओठ पांढरे पडले होते. हात गार. मनकर्णेनं गर्दीकडं बघितलं. ही माणसं चांगली होती आणि यांच्या चांगुलपणात तिचा नवरा मरणार होता. ती गाडीत उभी राहिली. सोनाजीसारखा आवाज तिचा नव्हता, पण त्या क्षणी जो निघाला तो बेंबीच्याही खालून निघाला.

"नवस हाय!" ती ओरडली. "साखऱ्यापासून हिंगोलीपर्यंत गाडी न थांबवता न्यायचा नवस हाय! गाडी थांबली तर ज्यानं थांबवली त्याला लागल!"

ट्रॅक्टरवाल्यानं आधी मागं बघितलं आणि मग ट्रॅक्टर थेट नाल्यात घातला. खेळण्यांची दुकानं सरकली. दोन पोरांनी मोटारसायकली काढल्या आणि हात हलवत पुढं निघाले, "सरका, सरका, नवस येऊन राहिला!" गाडी सुटली. अनुसयाबाई मनकर्णेकडं बघत राहिली. तिनं आयुष्यात बरेच देव बघितले होते, पण असा नवस तिनंही कधी ऐकला नव्हता.

"खोटं बोललीस," ती म्हणाली, पण वाईट वाटून नाही.

"देवाला मी सांगन काय सांगायचं ते," मनकर्णा म्हणाली. "तुमी तांब्या धरा. गतिरोधक आला."

मोटारसायकलवाले पार हिंगोलीपर्यंत आले आणि दवाखान्याच्या दारात नमस्कार करून परत गेले.

दवाखान्यातला कंपाउंडर विजयकुमार स्ट्रेचर घेऊन पळत आला, तांब्या बघून थांबला. "हे काय?"

"तांब्या," अनुसयाबाई म्हणाली.

"ते दिसतंय. तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मी तांब्याची."

विजयकुमारनं तांब्याला हात घातला तशी मनकर्णेनं त्याच्या हातावर चापट मारली. तेवढ्यात हुमेरा मॅडम आल्या. त्यांनी सोनाजीचं तोंड बघितलं, जीभ बघितली, मनगट धरलं, आणि शेवटी तांब्या बघितला. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"बेंबीच्या देठापासून गाणारे," त्या म्हणाल्या.

सोनाजीनं मान हलवली.

मॅडमनी एक बारीक रबरी नळी मागितली, तिला जेल लावलं, तांब्याच्या काठाखाली पोट बोटानं दाबून नळीचं टोक हळूच आत सरकवलं. फुस्स. तांब्या सुटला आणि त्यांच्या हातात आला. साखऱ्यापासून हिंगोलीपर्यंत कुणाला न जमलेली गोष्ट एवढीशी होती. अनुसयाबाईनं पुढं होऊन तांब्या घेतला, पदराखाली धरला.

पण तांब्याखाली जे होतं ते बघून मॅडमनी विजयकुमारला ऑपरेशनच्या तयारीची खूण केली. गोळ्यावरची कातडी वांग्यासारखी दिसत होती, काळपट जांभळी. भोवती तांब्याच्या काठाचा लाल गोल.

"लगेच आत घ्यायला लागेल," मॅडम मनकर्णेला बाजूला घेऊन म्हणाल्या. "कातडीचा रंग तांब्यानं झालाय की आतड्यामुळं, ते उघडल्यावरच कळेल. आतडं जिवंत असलं तर आत ढकलू, भोक बंद करू, जाळी बसवू. मेलं असलं तर तेवढा भाग कापावा लागेल, आणि मग जाळी बसवता येणार नाही. तिथं घाण असते, जाळी कुजते. पुढं काय होईल ते सांगता येत नाही."

मनकर्णेनं फक्त एक विचारलं. "म्हणजे जाळी बसली, तर हे वाचले?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या.

मनकर्णा स्ट्रेचरकडं परत आली. सोनाजीच्या नाकात नळी घालत होते, हाताला सलाईन लागलं होतं. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "अवो, ऐका. आता देवाकडं जाळी मागा. लई मागा."

सोनाजीनं तिच्याकडं बघितलं. नाकात नळी असल्यानं त्याला बोलता येईना. डावा हात मात्र सवयीनं बेंबीकडं गेला आणि विजयकुमारनं तो बाजूला केला. दार बंद झालं.

बाहेर दोन खुर्च्या होत्या. एकीवर मनकर्णा, एकीवर अनुसयाबाई. खिडकीतून अंगणात इस्माईल दिसत होता, बकरी 'वाहने लावू नयेत' या पाटीला बांधलेली.

अनुसयाबाईनं बेसिनवर तांब्या धुतला. राखेशिवाय धुणं तिला पटत नव्हतं, तरी धुतला. मग पाण्यानं भरला, आणून बसली, पाणी प्यायली नाही. मांडीवर धरून राहिली.

"माझ्या हातानं न्हाई ना झालं गं?" ती बऱ्याच वेळानं म्हणाली.

मनकर्णा समोरच्या भिंतीकडं बघत होती. भिंतीवर एका हसऱ्या बाळाचं चित्र होतं. या बाळाला हसायला काय झालं, असं तिला वाटत होतं. उत्तर तिच्याकडं होतं. 'तुमच्याच हातानं' म्हणायचं, एवढंच. पण ते म्हणायला गेलं की मागून दुसरं वाक्य यायचं, 'आधी बघू मावशीचं', आणि ते तिच्या स्वतःच्या आवाजात होतं.

"माहीत न्हाई," ती म्हणाली.

"आजवर किती जणांना लावला. कुणाचं पोट असं धरलं न्हाई ह्यानं." अनुसयाबाईनं तांब्याकडं बघितलं, जसं घरातल्या शहाण्या पोराकडं पोलिसांनी धरून आणल्यावर बघावं. "तू म्हणली असती न्हाई, तर मी न्हाई लावला असता."

"न्हाई म्हणलेच न्हाई मी."

"व्हय. म्हणली न्हाईस."



दार उघडलं. आशाबाई नर्स बाहेर आली, तोंडावर मास्क, कपाटातून कसलेसे गठ्ठे काढू लागली. मनकर्णा उठून उभी राहिली. अनुसयाबाईनंच विचारलं, "काय बाई?"

"आतडं काळं दिसून राहिलं," आशाबाई घाईत म्हणाली. "मॅडमनी गळा मोकळा केला, आतड्याचा. आता कोमट मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवून बघून राहिल्या, रंग येतो का. रंग आला तर आपलं. न्हाई तर कापावं लागल." आणि ती गेली.

रंग. मनकर्णा उभीच राहिली. तिच्या डोळ्यांसमोर मोसंबीएवढं काही कोमट पाण्यात पडलेलं आणि भोवती सगळे वाकून त्याच्याकडं बघून राहिलेले. तिनं त्याला बघितलं नव्हतं, तरी ती मनात त्याच्याशी बोलत होती. ये. रंग घे. लेकरू पाळण्यात श्वास घेतं का ते बघावं तसं तिला त्याच्यावर वाकून बघावंसं वाटत होतं. अनुसयाबाई कधी उठून शेजारी येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही. हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळून मनकर्णेच्या पायावर सांडत होतं. दोघींपैकी कुणी पाय हलवला नाही.

दार पुन्हा उघडलं तेव्हा आशाबाईचा मास्क खाली होता.

"आला," ती म्हणाली. "गुलाबी आला. जाळी मागवली मॅडमनी."

मनकर्णा मटकन खाली बसली, फरशीवर, सांडलेल्या पाण्यात.

पण गोष्ट तिथं संपली नाही. संध्याकाळी मॅडमनी सांगितलं, आतडं जिवंत आहे, पण घाबरलेलं आहे. ते चालायला लागलं पाहिजे. "गॅस सरला की समजायचं चाललं. तोवर पाण्याचा थेंब नाही. पोट फुगत गेलं आणि गॅस सरलाच नाही, तर पुन्हा उघडून बघावं लागेल."

मग सगळा वॉर्ड एका आवाजाची वाट बघू लागला. सोनाजीच्या पोटावर पट्टा, हातात उशी. खोकला आला की उशी पोटाला दाबून धरायची, असं सांगितलेलं. ओठ सुकलेले. दुसरा दिवस गेला, काही नाही. पोट जरा वर आलं होतं. मनकर्णा हात ठेवून बघायची, मग हातावर विश्वास नको म्हणून पदरानं मापून बघायची.

"येतोय का?" ती विचारायची.

"न्हाई," सोनाजी म्हणायचा. आवाज बसलेला होता, पण तो ऑपरेशनात गळ्यात घातलेल्या नळीनं, असं मॅडम म्हणाल्या. "आणि तू असं सगळ्यांदेखत विचारून नको राहू. मी गायक माणूस हाय."

"आता तुमी काय हाव ते मला माहीत न्हाई. तुमी फक्त आवाज काढा. कुठला बी."

तिसऱ्या दिवशी दुपारी भजनी मंडळ भेटायला आलं. सगळेच आले. इस्माईलनंच आणले, पिकअपमधे. खाटेभोवती उभे राहिले, काय बोलावं सुचेना, म्हणून सगळ्यांनी डावा हात बेंबीवर ठेवला. सोनाजी ते बघत राहिला.

"ते हर्नियामुळं होतं रं," तो खरखरत म्हणाला.

"काय?" माऊली म्हणाला.

"हात. मी गोळा दाबून धरायचो."

माणसांनी आपापल्या हातांकडं बघितलं. कुणी काढला नाही. "आता सवय झाली, दादा," पेटीवाला म्हणाला.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी सोनाजीचं फुगलेलं पोट बघितलं, बोटांनी वाजवलं आणि कपाळाला आठी पडली. मनकर्णेनं ती आठी बघितली. गेल्या तीन दिवसांत मॅडमच्या कपाळाला आठी नव्हती पडली, तांब्या बघूनसुद्धा.

"सगळे गप्प राहा," मॅडम म्हणाल्या. "मला ऐकू द्या." त्यांनी कानाला नळ्या लावल्या आणि थाळी पोटावर ठेवली.

मंडळातली माणसं जन्मात गप्प राहिली नव्हती. राहिली. पंखा फिरत होता तो आशाबाईनं बंद केला. मॅडमनी थाळी इकडं ठेवली, तिकडं ठेवली. डोळे मिटले. मनकर्णा त्यांच्या तोंडाकडं बघत होती, अनुसयाबाई पाण्यानं भरलेला तांब्या छातीशी धरून दारात उभी होती. तीन दिवस ती घरी गेली नव्हती आणि कुणी जा म्हणालंही नव्हतं. मॅडमनी थाळी आणखी खाली ठेवली. आठी तशीच होती.

सोनाजीनं उशी पोटाशी घट्ट धरली. त्याचा चेहरा चाल उचलायच्या आधी व्हायचा तसा झाला. मग तो लाजला, मग त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

आवाज आला. आधी खालच्या पट्टीत, चाचपडत, मग सूर सापडला आणि लांबला. एवढ्या दिवसांचा होता, लगेच थांबणारा नव्हता. वॉर्डाच्या पार त्या टोकाच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

सूर संपला. आणि मुख्य गायकानं सूर सोडला की मंडळानं उचलायचा, ही सवय हाडात मुरलेली, म्हणून खाटेभोवतीची सगळी माणसं एका आवाजात, बेंबीवर हात ठेवून म्हणाली, "रामकृष्णहरी!"

मॅडमनी कानातल्या नळ्या काढल्या. आठी गेली होती. "चाललं," त्या म्हणाल्या. "आता दोन घोट पाणी द्या. जास्त नाही." आणि पाठ फिरवून त्या जरा घाईनंच बाहेर गेल्या. त्यांचे खांदे हलत होते.

सोनाजी उशीत तोंड खुपसून पडला होता. "हसवू नका रं," तो म्हणत होता. "टाके दुखून राहिले. कुणी हसू नका." मनकर्णा हसत नव्हती. ती रडत होती, आणि रडता रडता तिनं दाराकडं न बघता हात लांब केला.

"मावशी, आणा तो तांब्या."

अनुसयाबाई पुढं आली. खाटेपाशी येऊन थबकली.

"कसा धरू?" तिनं विचारलं.

"सुलटा," मनकर्णा म्हणाली.